हवा कमी करून

सोहारच्या भिंतीआड दोन मिस्सा आटोपून
फादर मच्याडो माझ्या पिकअपमध्ये चढायचे
तेव्हा त्यांच्या झग्याला मेणबत्तीचा वास
आणि मागे माझी कांद्याची पोती.
मी हुदैफा हुर्जूक, बाणकोटचा.
मळ्यामळ्यांवर भाजी पोचवतो.
पेट्रोलचं अर्धं मी देईन, म्हणाले होते.
दिलं कधीच नाही. खजूर द्यायचे.

मोखाड्याच्या पाड्यांवर एकोणीस वर्षं
हा माणूस जांभळीखाली उभा राहून असं बोलायचा म्हणे
की ओढ्यापलीकडच्या बायका
हंडे खाली ठेवून ऐकत.
इथे भिंतीबाहेर प्रवचन करायचं नाही, कायदा आहे.
मग काय करता, मी विचारलं.
"चहा पितो."

आणि खरंच प्यायचे.
यनकूलला, कोंबड्यांच्या शेडमध्ये, जिथे डोळे चुरचुरतात,
गुंटूरच्या दोघा भावांबरोबर;
धाकट्याला मुलगी झालेली, मोबाइलवर तिचा फोटो,
अर्धा त्याच्याच अंगठ्याखाली.
फलजच्या पाण्यात पाय सोडून
एका म्हाताऱ्या मल्याळी माळ्याबरोबर,
ज्याला एवढंच हवं असे की कुठली गोळी कधी.
फादर पाकिटावर सूर्य काढून द्यायचे,
चंद्र काढून द्यायचे.
जुम्म्याला मी मशिदीत, ते बाहेर
गाफच्या सावलीत, माझ्या चपला राखत.

धंकच्या पुढे डांबर संपतं.
वाळूत शिरायचं तर चाकांतली हवा काढावी लागते.
फुगलेलं चाक रुततं,
निम्मं रिकामं चालतं.
फादर स्वतः उकिडवे बसायचे,
काडेपेटीतली काडी व्हॉल्व्हमध्ये खुपसून,
कान देऊन.
यावर तुमचं एक प्रवचन होईल, मी म्हटलं.
"म्हणूनच करत नाही,"
आणि दुसऱ्या चाकाकडे गेले.

तिथे बर्नाबास तिर्की.
नव्वद बकऱ्या, एक पत्र्याची खोली, निळी टाकी,
हाक पोचेल एवढ्यात दुसरं कुणी नाही.
गुमल्याचा. हिंदी येते, कामापुरती:
पाणी, पगार, पासपोर्ट.
त्या दिवशी फादरांसमोर गुडघे टेकले
आणि आपल्या कुडुखमध्ये बोलू लागला.
पाऊण तास.
मी लांब, बकऱ्यांना पोत्यांपासून हाकत.
फादरांना त्यातला शब्द येत नव्हता.
मान हलवत होते,
चुकीच्याच जागी हलवत असणार.
शेवटी त्याच्या डोक्यावर हात ठेवून
मराठीत काहीतरी पुटपुटले.
तिर्कीने बाहीला नाक पुसलं
आणि धारा काढायला गेला.

गाडीत मी विचारलं, काय म्हणाला?
"कळलं असतं तरी सांगितलं नसतं."
मग बराच वेळ काच. बाहेर तीच वाळू.
पेट्रोल पंपावर चाकांत हवा भरताना
एकदम म्हणाले,
"हुदैफा, पाड्यांवर मी फार बोललो रे."

गेल्या शिमग्यात त्यांना परत बोलावलं वसईला.
दोन्ही गुडघे गेले होते.
नवे फादर चांगले आहेत, तरुण आहेत,
स्वतःची गाडी आहे, महिन्यातून एकदा जातात.
मी जातो दर शुक्रवारी, कांदे द्यायला.
परवा तिर्की माझ्याच पुढ्यात बसला
आणि सुरू झाला.
मी म्हटलं, अरे, मी कोण,
मी फादर नाही, मी तर तुमच्यातलाही नाही,
फक्त भाजीवाला.
तो थांबेना.

मी इंजिन बंद केलं.
एक बकरी पोत्यात तोंड घालून कांदे खात होती.
खाऊ दिलं.